भिंतीवर लावायचा डायलवाला बॅरोमीटर: बराच काळ वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल: काट्याचा, बिनबॅटरीचा, पितळी चौकटीचा ॲनेरॉइड बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं बिनपाऱ्याचं यंत्र, घरात लावण्यासारखी वस्तू आहे, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो डायलवर छापलेल्या शब्दांसाठी आणि सोबत आलेल्या अर्धवट माहितीपत्रकासाठी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण या प्रकारातले बहुतेक बॅरोमीटर आतून जवळपास सारखेच असतात आणि पुढे जे लिहितोय ते कुठल्याही चांगल्या पीसला लागू पडेल.

माझ्या मॉडेलची डायल मधोमध उघडी आहे, त्यामुळे आतलं सगळं काचेतून दिसतं आणि मला वाटतं घ्यायचाच असेल तर असाच घ्यावा, कारण निम्मी मजा तिथेच आहे. यात पारा वगैरे काही नसतो. पातळ पत्र्याची, गोल गोल वळ्या पाडलेली एक चपटी डबी असते, तिच्यातली जवळजवळ सगळी हवा काढून ती सीलबंद केलेली असते आणि बाहेरच्या हवेने ती चेपून जाऊ नये म्हणून एक जाडजूड स्प्रिंग तिला ताणून धरते. आता ही स्प्रिंग किती वजन पेलते याचा हिशोब करा. समुद्रसपाटीला हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाएवढा असतो. डबीचा व्यास पाच सेंटिमीटर धरला तर तिचं क्षेत्रफळ झालं वीसेक चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या एवढ्याशा डबीवर वीस किलोचा भार आहे, रात्रंदिवस, आणि तो आहे नुसत्या हवेचा. हवामान बदलून दाब १० हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला तर त्या वीस किलोतले फक्त दोनशे ग्रॅम कमी होतात, डबी डोळ्याला दिसणार नाही इतकी फुगते, आणि ती हालचाल तरफा आणि बारीक साखळी मिळून इतकी मोठी करतात की काटा डायलवर ठळक सरकलेला दिसतो. फ्रान्समधल्या लुसियाँ विदी याने १८४४ साली हे यंत्र बनवलं आणि मूळ रचना आजही तीच आहे, बॅटरी नाही, चार्जिंग नाही, इंटरनेट नाही.

आपल्याला हा भार का जाणवत नाही हा प्रश्न लगेच येतोच. तळहात उघडा धरला, त्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर मानलं, तर त्यावर शंभर किलो वजनाची हवा दाबतेय, पण तेवढाच दाब हाताच्या खालच्या बाजूनेही आहे आणि शरीराच्या आतही तितकाच दाब आहे, म्हणून हात खाली जात नाही आणि दुखतही नाही. फरक पडला की मात्र लगेच कळतं. घाटात किंवा विमानात कानाला दडे बसतात ते त्यामुळेच, कानाच्या पडद्यामागची हवा मागच्याच दाबाची राहते आणि आपण आवंढा गिळला की घशाकडे जाणारी नळी उघडून ती बाहेरच्या हवेशी जुळते. बॅरोमीटरमधल्या डबीला अशी नळीच नसते, त्यामुळे तिच्यावरचा फरक तिला कायम जाणवतो आणि त्या फरकालाच आपण काट्यावर वाचतो.

पार्सल आलं की काय करायचं ते लिहितो कारण पत्रकात हे नाहीये. बॅरोमीटर विमानाने आला असेल तर वाटेत तो एखाद्या डोंगरावर जाऊन आल्यासारखाच असतो, कारण प्रवासी विमानात आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे ८०० हेक्टोपास्कलच्या आगेमागे, आणि घरगुती डायल तर बऱ्याचदा ९६० च्या खाली दाखवतच नाही. त्यामुळे आल्या आल्या काटा भलतीकडे असेल तर घाबरून लगेच परत पाठवू नका, एकदोन दिवस शांत पडू द्या, डबीचा धातू हळूहळू मूळ जागेवर येतो.

मग टेस्ट. एक मोठी पारदर्शक झिपची पिशवी घ्या, बॅरोमीटर आत ठेवा, पिशवीत भरपूर हवा ठेवून घट्ट बंद करा आणि दोन्ही हातांनी पिशवीवर हळूच दाब द्या. काटा डोळ्यादेखत वर सरकतो, पाचदहा हेक्टोपास्कल सहज, आणि हात काढले की परत येतो. परत येताना तो जागेपासून किंचित अलीकडे थांबला तर काचेवर बोटाने हलकीशी टिचकी मारा, आतल्या सांध्यांचं घर्षण सुटतं आणि काटा शेवटचा तो केसभर सरकून नीट बसतो. ही टिचकी मारणं म्हणजे यंत्राशी खेळणं नाही, काट्याचा बॅरोमीटर वाचण्याची तीच पद्धत आहे. पण टिचकीनंतर काटा दोनतीन हेक्टोपास्कल उडी मारत असेल तर आतली साखळी किंवा धुरा अडकतेय, असा पीस ठेवू नका. दुसरी टेस्ट लिफ्टची. समुद्रसपाटीच्या जवळपास साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कल कमी होतो. दहा मजले म्हणजे तीस मीटर धरले तर साडेतीन हेक्टोपास्कलच्या वर फरक पडायला हवा, आणि पडतो, बॅरोमीटर हातात धरून लिफ्टने वर गेलं की काटा उतरलेला स्पष्ट दिसतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच भारी वाटलं, आपल्या डोक्यावरची तीस मीटर हवा कमी झाली आणि ती कमी झालेली *दिसली*.

हाच प्रयोग माणसाने पहिल्यांदा केला तेव्हा त्यासाठी डोंगर चढावा लागला होता. इटलीचा शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने एक टोक बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, पारा खाली आला पण साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला, आणि १६४४ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतोय आणि भांड्यातल्या पाऱ्यावर दाबणारी हीच हवा नळीतला पारा उचलून धरतेय. हे खरं असेल तर उंचावर पारा कमी चढायला पाहिजे, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने ओळखलं. तो स्वतः आजारी असायचा, म्हणून त्याच्या सांगण्यावरून त्याचे मेव्हणे पेरिए १९ सप्टेंबर १६४८ ला फ्रान्समधल्या पुय द दोम या डोंगरावर नळ्या घेऊन चढले. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पायथ्याशी एक नळी तशीच ठेवून एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं, म्हणजे दाब हवामानामुळे बदलला की उंचीमुळे, असा वाद नंतर कोणी काढू नये. खालचा पारा दिवसभर जागचा हलला नाही. किती नेटकं काम आहे बघा.

आता येतो मुख्य मुद्द्याकडे, जो न कळल्यामुळे बरेच लोक बॅरोमीटर घेतात आणि चुकीचा दाखवतो म्हणून वाईट रेटिंग देऊन मोकळे होतात. बातम्यांत किंवा हवामानाच्या ॲपवर जो आकडा येतो तो तुमच्या घरातला दाब नसतो. तो समुद्रसपाटीला नेऊन काढलेला, म्हणजे तीच जागा समुद्रसपाटीवर असती तर दाब किती असता असा हिशोब करून काढलेला आकडा असतो, कारण नाहीतर डोंगरावरच्या गावाची आणि किनाऱ्यावरच्या गावाची तुलनाच करता येणार नाही, डोंगरावरची सगळी गावं कायमच कमी दाबाच्या पट्ट्यात असल्यासारखी दिसतील. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानतात, तर ५०० मीटर उंचीवर तो ९५५ च्या आसपास येतो, हजार मीटरवर ९०० च्या जवळ, साडेपाच हजार मीटरवर जवळपास निम्मा, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश, जिथे पाणी साधारण ७० अंशांनाच उकळतं. म्हणजे उंचीमुळे पडणारा फरक हवामानामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून बॅरोमीटरच्या पाठीमागे एक छोटा स्क्रू असतो, शांत हवेच्या दिवशी जवळच्या हवामान केंद्राचा समुद्रसपाटीचा आकडा बघायचा आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून काटा त्या आकड्यावर आणायचा, मध्ये मध्ये टिचकी मारत. हे एकदाच करायचं असतं. पत्रकात याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, स्क्रूचं चित्र होतं पण तो कशासाठी ते नाही, आणि ज्या वस्तूचं सगळं खरंखोटं त्या स्क्रूवर आहे तिच्या पत्रकात हे नसणं मला अजिबात पटलं नाही. आणि अजून एक, तुम्ही हजार मीटरच्या वर राहत असाल तर घेण्याआधी तो पीस किती उंचीपर्यंत ॲडजस्ट होतो ते नक्की विचारा, साध्या पीसमध्ये तेवढा स्क्रू फिरत नाही, उंच जागांसाठी वेगळे मॉडेल मिळतात.

लावायचा कुठे हा प्रश्न सोपा आहे, घरातच लावा. दारं खिडक्या बंद असल्या तरी आतला आणि बाहेरचा दाब सारखाच राहतो, घर काही हवाबंद नसतं. फक्त ऊन येणारी भिंत टाळा, कारण धातू तापला की वाचन थोडं सरकतं.

डायलवरच्या शब्दांबद्दल माझी तक्रार मोठी आहे. वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, अतिकोरडं असे शब्द आकड्यांच्या वर गोलात छापलेले आहेत. ही पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या कारागिरांनी रूढ केली, तिथल्या हवेला ते शब्द थोडेफार जुळतातही, पण जगभर तेच शब्द तसेच छापून विकायचे यात काय अर्थ आहे? विषुववृत्ताच्या आसपासच्या भागात काटा महिनोन् महिने बदल या शब्दाच्या आजूबाजूलाच घुटमळतो, बाहेर धो धो पाऊस असो की कडक ऊन. आणि हे काही मीच म्हणतोय असं नाही. डार्विन ज्या बीगल जहाजावर होता त्याचा कप्तान फिट्झरॉय पुढे १८५४ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला, त्याने मच्छीमारांच्या बंदरांवर बॅरोमीटर बसवायला लावले, १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर जहाज बुडून शेकडो लोक गेल्यावर १८६१ पासून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि त्यानेही बजावून ठेवलं होतं की शब्दांपेक्षा पारा चढतोय की उतरतोय ते बघा. इतकं जुनं शहाणपण असून डायल अजून तशीच.

म्हणूनच काचेवरचा दुसरा, पितळी काटा महत्त्वाचा आहे. तो आपोआप हलत नाही, मधली घुंडी फिरवून आपण तो मुख्य काट्यावर आणून ठेवायचा, मग उद्या मुख्य काटा त्याच्या कुठल्या बाजूला आणि किती गेलाय ते एका नजरेत कळतं. एका वेळचा आकडा फारसं काही सांगत नाही, दोन आकड्यांमधला फरक सांगतो.

पण फरक बघायचा तो त्याच वेळेला, हे पक्कं लक्षात ठेवा. कारण हवेलाही भरती ओहोटी आहे! सकाळी दहाच्या सुमारास दाब वर जातो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला परत वर, पहाटे चारला परत खाली, हे रोज चालतं. समुद्राच्या भरतीसारखा यात चंद्राचा हात फारसा नाही, सूर्य वरच्या थरातल्या ओझोनला आणि खालच्या बाष्पाला तापवतो त्यातून ही लाट उठते. उष्ण कटिबंधात हा चढउतार दोनतीन हेक्टोपास्कलचा असतो, ध्रुवांकडे जाता जाता तो विरत जातो. तेव्हा सकाळी दहाला काटा लावून दुपारी चारला बघितलं आणि दाब पडला, आता पाऊस येणार असं म्हटलं तर ते रोजच म्हणावं लागेल. कालच्या दहाची आजच्या दहाशी तुलना करा. माझ्यासाठी या यंत्राने दाखवलेली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, बाहेर पान हलत नाही, आकाशात काही नाही, आणि काटा मात्र आपला ठरल्या वेळी चढतोय उतरतोय.

ही रोजची लाट वजा करूनही काटा उतरत राहिला तर मात्र बाहेर खरंच काहीतरी घडतंय. जिथे दाब कमी होतो तिथे आजूबाजूची हवा धाव घेते, ती वर चढते, वर जाताना पसरून थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. जास्त दाबाच्या जागी हवा वरून खाली बसते, तापते, ढग विरतात. बाष्प मिसळलेली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते हेही अनेकांना उलटं वाटतं, पण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका आहे, त्यांच्या जागी तो शिरला की हवेचं वजन घटतं. पृथ्वी फिरते म्हणून वारा सरळ कमी दाबाकडे न जाता वळतो, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या. १८५७ मध्ये हॉलंडच्या बाइस बॅलट याने हा नियम मांडला. घरातला काटा आणि गच्चीवरचा वारा दोन्ही मिळून कमी दाब कुठे आहे आणि जवळ येतोय की लांब जातोय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

उष्ण कटिबंधातल्या खलाशांचा जुना ठोकताळा आहे, त्या ऋतूतल्या सरासरीपेक्षा दाब तीन हेक्टोपास्कलने खाली असेल तर सावध व्हा, पाचने असेल तर वादळ जवळपास आहेच असं समजा. ऐकायला हे आकडे किरकोळ वाटतात. आजवर समुद्रसपाटीला मोजलेला सगळ्यात कमी दाब १२ ऑक्टोबर १९७९ ला पॅसिफिकमधल्या टिप या वादळाच्या केंद्रात मिळाला, ८७० हेक्टोपास्कल, माझ्या डायलवर तो आकडाच नाही. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राचं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर उचललं जातं, म्हणजे टिपसारख्या वादळाखाली नुसत्या दाबामुळे पाणी जवळजवळ दीड मीटर चढेल, वाऱ्याने रेटलेल्या लाटा वेगळ्या. अर्थात वादळाच्या दिवसांत अधिकृत इशारा हाच शेवटचा शब्द, घरातल्या काट्याच्या भरवशावर कोणी घरात बसून राहू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

काही जण विचारतील की फोनमध्ये बॅरोमीटर असताना हे कशाला. बऱ्याच महागड्या फोनमध्ये तो सेन्सर असतो खरा, आणि खरं सांगायचं तर अचूकतेत तो माझ्या काट्याच्या पुढे आहे, दशांश दाखवतो, एक मजला चढलात तरी पकडतो, ॲप आलेखही काढून देतं. पण फोन दिवसभर तुमच्याबरोबर वर खाली फिरतो, त्यामुळे आलेखात हवामान किती आणि जिने किती हे वेगळं काढता येत नाही. भिंतीवरचा काटा एका जागी असतो. घरातली मुलं येता जाता त्याला टिचकी मारतात, प्रश्न विचारतात, ॲप उघडून कोणी असं बघत नाही. दोन्ही असतील तर उत्तमच. १५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची दाबाची लाट जवळपास ध्वनीच्या वेगाने जगभर फिरली आणि हजारो किलोमीटरवरच्या बॅरोमीटरांवर उमटली. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या वेळीही असंच झालं होतं.

सेटमध्ये बॅरोमीटरबरोबर काचेच्या नळीत पांढरे स्फटिक असलेली, हवामान सांगते म्हणून विकली जाणारी स्टॉर्म ग्लास मिळते ती घेऊ नका. नळी सीलबंद आहे, बाहेरचा दाब आत पोचणारच कसा? त्यातले स्फटिक तापमानाने कमी जास्त होतात, शोभेला छान दिसते एवढंच. पाऱ्याचा बॅरोमीटरही घरी नको, पाऱ्याची वाफ विषारी असते.

पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीने दोनच गोष्टी कराव्यात. शब्द काढून टाकावेत आणि त्या जागी एक एक हेक्टोपास्कलच्या ठळक रेघा द्याव्यात, आता दोन दोनच्या आहेत आणि रोजची लाट त्यात नीट वाचता येत नाही. आणि पत्रकात उंचीचा तक्ता आणि स्क्रूची अर्धा पान माहिती द्यावी. तेवढं झालं की पाचवा स्टार मी स्वतः येऊन देईन.